पीसीओएस, लघवी आणि शरीरसंबंध: न सांगितलेल्या तक्रारींचा माग कसा काढायचा

पीसीओएस म्हणजे पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम, हार्मोन बिघडून अंडाशयाच्या कामावर परिणाम करणारा आजार. त्याची फाईल घेऊन डॉक्टरांकडे गेलेल्या बाईचं बोलणं बहुतेकदा चार गोष्टींवर संपतं: पाळी, वजन, हनुवटीवरचे केस आणि मूल. शिंकताना लघवी गळते, रात्री तीनदा उठावं लागतं, संबंधांच्या वेळी दुखतं किंवा नवऱ्याने हात लावला तरी नको वाटतं, हे सांगायचं राहून जातं. डॉक्टर विचारत नाहीत, आपल्याला धीर होत नाही, तेवढ्यात पुढच्या नंबराची हाक येते. पीसीओएसच्या उपचारांची जी आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं २०२३ साली सुधारून प्रसिद्ध झाली, त्यांत या आजाराचा लैंगिक आयुष्यावर होणारा परिणाम डॉक्टरांनी लक्षात घ्यावा असं स्पष्ट म्हटलं आहे. तेव्हा हा विषय काढताना संकोच वाटला तरी तो काढण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

पीसीओएस मूत्राशयावर किंवा योनीमार्गावर थेट हल्ला क्वचितच करतो. त्रास येतो तो आडवाटेने: वाढलेल्या साखरेतून, वजनातून, चालू असलेल्या गोळ्यांतून, मनावरच्या ओझ्यातून. मुंबईत आणखी एक वाट आहे, रोजच्या प्रवासाची. आपला त्रास यांतल्या कुठल्या वाटेने येतो हे आधी शोधलं, तर औषध नेमकं मिळतं.

पायरी १: सिस्टना दोष देणं थांबवा

"अंडाशयात गाठी आहेत, त्या लघवीच्या पिशवीवर दाबतात, म्हणून सारखं जावं लागतं" हे अनेकींच्या तोंडून ऐकू येतं. पीसीओएसमध्ये सोनोग्राफीत दिसतात त्या खऱ्या गाठी नसतातच. ती वाढ अर्धवट थांबलेली, २ ते ९ मिलिमीटरची बीजपुटकं असतात. एवढ्याशा पुटकांनी मूत्राशय दाबलं जात नाही. काही सेंटिमीटरची एकच मोठी गाठ असेल तर तो वेगळा विषय आहे, तो स्वतंत्रपणे तपासून घ्यावा.

प्रौढ स्त्रीत नुसत्या सोनोग्राफीवरून पीसीओएस ठरत नाही, हेही ध्यानात असू द्या. पाळी अनियमित असणं, पुरुषी हार्मोन वाढल्याच्या खुणा (केस, मुरुमं किंवा रक्ताचा रिपोर्ट) आणि सोनोग्राफीतलं चित्र, या तिन्हींपैकी दोन गोष्टी लागतात. शिवाय थायरॉइड, प्रोलॅक्टिन अशी इतर कारणं नाहीत ना, हेही पाहावं लागतं.

पायरी २: तीन दिवसांची वही

लघवीची कुठलीही तक्रार असो, डॉक्टरांकडे जाण्याआधी तीन दिवस नोंद ठेवा. त्यांतला एक सुट्टीचा आणि दोन कामाचे असले तर उत्तम. मिलिलिटरच्या खुणा असलेलं एक जुनं प्लास्टिकचं भांडं बाथरूममध्ये ठेवा. वहीत चार रकाने आखा: किती वाजता, किती मिली, काय प्यायलं, गळती झाली का. ऑफिसात मोजता येणार नाही, तिथे नुसती वेळ लिहा.

मग वही वाचायला बसा. मोठ्या माणसाने एका वेळी साधारण २५० ते ४०० मिली लघवी करणं आणि दिवसात सात-आठ वेळा जाणं यात काही वावगं नाही. चोवीस तासांची बेरीज तीन लिटरच्या वर जात असेल तर बहुधा एक तर पाणी फार पिणं होतंय किंवा साखर वाढली आहे. खेपा पुष्कळ पण दर वेळी थोडीथोडीच, तर संसर्ग, अतिसंवेदनशील मूत्राशय किंवा नुसती सवय. दिवसा सगळं ठीक आणि रात्री दोन-तीनदा उठणं, असं असेल तर घरच्यांना विचारा, मी घोरते का? पीसीओएस असलेल्या स्त्रियांत झोपेत श्वास अडण्याचा त्रास जास्त आढळतो, आणि त्या त्रासात रात्री लघवी जास्त तयार होते. लघवीसाठी उठते म्हणून झोप मोडते असं बाईला वाटत राहतं, पण मूळ दुखणं श्वासाचं असतं.

मुंबईतल्या नोकरदार बाईच्या वहीत हमखास दिसणारं एक चित्र सांगते. सकाळी साडेसहाला चहा, त्यानंतर दुपारी दोनपर्यंत रकाना कोराच. विरारहून किंवा बदलापूरहून दीड-पावणेदोन तास उभ्याने यायचं, लोकलला शौचालय नाही, स्टेशनवरचं वापरवत नाही, म्हणून घसा कोरडा पडला तरी बाटली उघडायची नाही. मग संध्याकाळी घरी पोहोचल्यावर तहान भागवत दीड लिटर पाणी, आणि रात्रभर खेपा. दिवसभर गडद, दाट झालेली लघवी मूत्राशयाला चुरचुरते, आणि तासन्‌तास साठून राहिल्याने जंतूंनाही आयतं फावतं. याला बाईचा निष्काळजीपणा म्हणणं मला मान्य नाही. पुरुषांना मुतारी फुकट आणि बायकांना मात्र पैसे, या अन्यायाविरुद्ध याच शहरात २०११ पासून 'राइट टू पी' चळवळ उभी राहिली, ती उगाच नाही.

तरी आपल्या हातात असलेलं करू या. पाणी सकाळपासून वाटून घ्या: गाडीत चढण्याआधी एक पेला, ऑफिसात पोहोचताच दोन, मग दुपारी जेवणापर्यंत अधूनमधून. संध्याकाळी सातनंतर हात आखडता घ्या. लांबच्या प्रवासाआधी जाऊन येणं योग्यच, पण घरात असताना 'जाऊन येते एकदाची' म्हणत दर पाऊण तासाला जाण्याची सवय लागली तर मूत्राशय थोडक्यातच भरल्याची हाकाटी करू लागतं. अस्वच्छ कमोडवर अर्धवट उभं राहून लघवी केली की ओटीपोटाचे स्नायू ताणलेलेच राहतात आणि पिशवी पूर्ण रिकामी होत नाही. भारतीय पद्धतीचं भांडं असेल तर ते निवडा. कमोडच असेल तर सीट पुसून, कागद टाकून नीट बसा.

पायरी ३: साखर तपासा, तीही नीट

पीसीओएस असलेल्या बहुसंख्य स्त्रियांच्या शरीरात इन्सुलिन नीट काम करत नाही. मानेवर मागच्या बाजूला, काखेत, जांघेत मखमलीसारखा काळा पट्टा दिसतो, तो घासून जात नाही, कारण तो मळ नसतो; इन्सुलिन वाढल्याची ती खूण असते. साखर वाढली की लघवी जास्त होते, जांघेत आणि योनीत बुरशी माजते, खाज सुटते, त्यामुळे संबंध नकोसे होतात. एका साखरेपायी दोन्हीकडचा त्रास.

नुसती उपाशीपोटीची साखर पीसीओएसमध्ये फसवू शकते. ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी होणारी चाचणी मागून घ्या. वजन कमी असलं तरी. दोन तासांनंतरचा आकडा १४० ते १९९ असेल तर मधुमेहाच्या उंबरठ्यावर, २०० किंवा वर असेल तर डॉक्टरांकडे लगेच. एक ते तीन वर्षांनी ही तपासणी पुन्हा करत राहावी लागते.

पायरी ४: जळजळ होते तेव्हा

आपल्याकडे 'उन्हाळी लागली' म्हणून धने-जिऱ्याचं पाणी देतात, किंवा केमिस्टकडून गुलाबी सिरप येतं. त्या सिरपने आग कमी होते, जंतू मरत नाहीत. दोन दिवस बरं वाटतं आणि तिसऱ्या दिवशी तेच.

आधी जळजळ कुठे होते ते ओळखा. लघवी करताना आतून, शेवटी-शेवटी कळ येऊन, घाईघाईने पुन्हा जावंसं वाटत असेल तर मूत्रमार्गाच्या संसर्गाची शक्यता जास्त. लघवी बाहेरच्या त्वचेला लागली की झोंबतं, खाज आहे, अंगावरून दह्याच्या गोळ्यांसारखं पांढरं जातंय, तर ते बहुधा कॅन्डिडा बुरशीचं काम. दोन्हींची औषधं वेगळी आहेत. बुरशी असताना अँटिबायोटिक घेतलं तर ती आणखी बळावते, आणि अशी चूक मी पुष्कळ घरांतून पाहिली आहे.

संसर्ग वाटत असेल, विशेषतः सहा महिन्यांत दोनदा किंवा वर्षात तीनदा झाला असेल, तर गोळी घेण्याआधी लघवीचं कल्चर करा. निर्जंतुक डबी केमिस्टकडे मिळते. हात धुवा, बाहेरचा भाग साध्या पाण्याने धुवा, योनीचे ओठ बाजूला धरून पहिली धार सोडून द्या आणि मधली डबीत घ्या. झाकणाच्या आतल्या बाजूला बोट लावू नका. तासाभरात लॅबमध्ये पोहोचवा. ते शक्य नसेल तर डबी फ्रिजमध्ये ठेवा. उकाड्यात डबी पर्समध्ये घेऊन हिंडलं तर जंतू डबीतच वाढतात आणि रिपोर्ट चुकतो.

इंटिमेट वॉश, सुगंधी पुसण्या, डेटॉलचं पाणी हे सगळं बंद. योनीमार्ग आतून स्वतःला स्वच्छ ठेवतो, बाहेरून पाणी पुरतं. पीसीओएसमध्ये त्या जागचे केस दाट असतात म्हणून दर आठवड्याला वस्तरा किंवा वॅक्स करणाऱ्यांना बारीक जखमा, केसतोड होतात. कात्रीने आखूड करणं जास्त सुरक्षित. जांघेत, काखेत वारंवार दुखरी गळवं येऊन व्रण उरत असतील तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा, तो पीसीओएससोबत आढळणारा वेगळा आजार असू शकतो. आणि पावसाळ्यात जांघेत गजकर्ण झालं तर केमिस्टच्या सांगण्यावरून स्टेरॉइड मिसळलेलं मलम लावू नका. खाज थांबते, गजकर्ण पसरतं.

पायरी ५: गळती

खोकताना, हसताना, जिना चढताना गळते ती एक जात. अचानक कळ येऊन दारापर्यंत पोहोचेतो होते ती दुसरी. पहिलीत ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल पडलेले असतात आणि पोटावरच्या वजनाचा भार त्यांवर येतो. पीसीओएसमुळे गळती वाढतेच असं संशोधनातून एकमुखाने दिसत नाही. वजनाचा संबंध मात्र पक्का आहे. अमेरिकेत २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, स्थूल स्त्रियांनी सरासरी ८ टक्के वजन उतरवल्यावर आठवड्यातले गळतीचे प्रसंग जवळपास निम्म्यावर आले. त्या पीसीओएसच्या रुग्ण म्हणून निवडलेल्या नव्हत्या, पण ७५ किलोच्या बाईने ६ किलो उतरवले तर हे घडू शकतं, हा दिलासा मोठा आहे. बारीक होण्याची गरजच नाही.

व्यायाम असा: वायू अडवताना जो भाग आत-वर ओढला जातो तो ओळखा. पोट, मांड्या, नितंब न आवळता तो पाच सेकंद धरा, पाच सेकंद पूर्ण सोडा. असं आठ वेळा, दिवसातून तीनदा, किमान तीन महिने. शिंक येतेय असं वाटताच आधी आवळून घ्या. लोकलमध्ये उभ्या-उभ्या जमतं, शेजारणीला कळतही नाही. धार मध्येच तोडून सराव मात्र करू नका. आणि संबंधांच्या वेळी दुखत असेल तर हा व्यायाम थांबवा. तिथे स्नायू आधीच आखडलेले असतात, त्यांना सैल व्हायला शिकवावं लागतं. त्यासाठी या स्नायूंचं काम करणाऱ्या फिजिओथेरपिस्टकडे जावं.

दुसऱ्या जातीत मूत्राशयाला वळण लावतात. तासाने जात असाल तर सव्वा तास थांबा, आठवड्याने दीड तास. चहा-कॉफी कमी. सहा आठवड्यांत फरक नाही पडला तर गोळ्या आहेत.

पायरी ६: शरीरसंबंध

इथे मी जरा थांबणार आहे, कारण इथेच सगळ्यात जास्त मूग गिळले जातात.

पुरुषी हार्मोन वाढलेलं आहे म्हणजे इच्छाही जास्त असणार, असा हिशेब लोक मांडतात. तसं होत नाही. रक्तातला आकडा आणि मनातली इच्छा यांचं नातं इतकं सरळ नाही. जिला दर चार दिवसांनी हनुवटी साफ करावी लागते, लग्नसमारंभात "अगं किती सुटलीस" ऐकावं लागतं, ती दिवा मालवल्याशिवाय जवळ येऊ देत नाही; जोडीदाराचा हात गालावर आला की खुंट हाताला लागतील या धास्तीने मान वळवते. शरीराला प्रतिसाद द्यायला सैलपणा लागतो आणि ती तर सगळा वेळ स्वतःवर पहारा देत असते. मग ओलावा येत नाही, दुखतं, आणि पुढच्या वेळी दुखण्याची भीती आधी येते. पीसीओएसमध्ये नैराश्य आणि चिंता यांचं प्रमाण जास्त असतं, ती भर वेगळीच.

तेव्हा केसांच्या उपचारांना नखरे समजू नका. लेझर, गोळ्या, मलम, जे परवडेल ते करा. गोळ्यांचा परिणाम दिसायला सहा महिने तरी लागतात. दिवा मालवण्यामागचं कारण एकदा जोडीदाराला सांगा. "माझं तुझ्यावरचं मन उडालेलं नाही, मला माझ्या अंगाची लाज वाटते," एवढं वाक्य पुरतं. न सांगितल्यास समोरचा माणूस स्वतःचाच अर्थ लावून बसतो.

एकांत ही मुंबईतली खरी अडचण आहे. वन रूम किचनमध्ये सासू-सासरे आणि मुलं, मधे पडदा. घाईत उरकलेल्या संबंधात बाईच्या शरीराला तयार व्हायला वेळच मिळत नाही, आणि दोष मात्र पीसीओएसवर जातो. रविवारी सकाळी घर तासभर रिकामं होत असेल तर तो तास राखून ठेवा. यात लाजण्यासारखं काहीही नाही.

कोरडेपणासाठी पाण्यावर आधारलेलं वंगण केमिस्टकडे मिळतं. खोबरेल तेल आणि कंडोम एकत्र वापरू नका, तेलाने लेटेक्सचा कंडोम फाटतो. संबंधांनंतर लघवी करून यावं. दुखणं दर वेळचं असेल, पाळीत असह्य कळा असतील, संबंधांनंतर रक्त जात असेल, तर "पीसीओएस आहे ना, चालायचंच" यावर समाधान मानू नका. नुसत्या पीसीओएसने थेट सहसा संबंधात दुखत नाही. एन्डोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर वाढणं), संसर्ग, योनीचे स्नायू आखडणं, गर्भाशयमुखाचे आजार अशी कारणं शोधावी लागतात.

मूल हवं असणाऱ्या जोडप्यांचं दुखणं आणखी निराळं. बीज फुटावं म्हणून लेट्रोझोलच्या गोळ्या, फॉलिक्युलर स्टडीसाठी, म्हणजे बीजाची वाढ पाहायला, सोनोग्राफीच्या वाऱ्या, आणि मग डॉक्टरांनी दिलेल्या तारखा. अंबरनाथहून रात्री साडेनऊला थकून आलेल्या माणसांनी तारीख आहे म्हणून जवळ यायचं. काही महिन्यांत दोघांनाही ते काम वाटू लागतं, नवऱ्यालाही जमेनासं होतं, आणि त्यावरून भांडणं. तारखांविषयी नवऱ्याशी कमी आणि डॉक्टरांशी जास्त बोला: एक-दोन दिवस चुकले तर चालतील का, दर दोन दिवसांनी एवढंच पुरेल का, एखादा महिना सुट्टी घेता येईल का? बहुतेकदा उत्तर हो असतं.

याच्या उलट गैरसमज: पीसीओएस आहे, दिवस राहणारच नाहीत. राहतात. बीज कधी फुटेल ते सांगता येत नाही, म्हणून तर 'सेफ पिरिअड' या मुलींसाठी मुळीच भरवशाचा नाही. मूल नको असेल तर साधन वापरा. र. धों. कर्व्यांनी संततिनियमनाचं केंद्र याच मुंबईत १९२१ साली काढलं होतं. शंभर वर्षांनंतर आपल्या मुलींना केमिस्टसमोर कंडोम मागायला शरम वाटते, याचं मला वाईट वाटतं.

पायरी ७: चालू औषधांची झडती

सगळ्या गोळ्यांची पाकिटं एकत्र टेबलावर मांडा. स्पायरोनोलॅक्टोन केसांसाठी दिलेली असते, पण ती लघवी वाढवते. शिवाय ती चालू असताना दिवस राहू देऊ नयेत. पाळीच्या संयुक्त (दोन हार्मोन असलेल्या) गोळ्यांनी काहींना कोरडेपणा येतो किंवा इच्छा कमी होते. सगळ्यांना नाही, पण झालं तर गोळी बदलता येते. मायग्रेनमध्ये डोळ्यांसमोर चमकत असेल किंवा घरात रक्ताच्या गुठळ्यांचा इतिहास असेल तर तेही सांगा. साखरेसाठी 'ग्लिफ्लोझिन'ने संपणारं औषध चालू असेल तर लघवीतून साखर बाहेर पडते आणि बुरशीचा त्रास वाढतो. मेटफॉर्मिन अनेक वर्षं चालू असेल तर बी-१२ तपासा. नैराश्यावरच्या काही गोळ्याही इच्छा मंदावतात. कुठलीच गोळी मनाने बंद करू नका, फक्त प्रश्न विचारा.

पायरी ८: कुठे जायचं, काय बोलायचं

केईएम, नायर, सायन, जे. जे., कामा, सगळीकडे केस पेपर काढून स्त्रीरोग ओपीडीत दाखवता येतं. परळच्या राष्ट्रीय प्रजनन व बाल आरोग्य संशोधन संस्थेत पीसीओएससाठी खास ओपीडी आहे. आधी दिवस-वेळ विचारून घ्या. केईएममध्ये लैंगिक आरोग्याचा विभाग डॉ. प्रकाश कोठारी यांनी उभा केला. मन फार खचलं असेल तर टेलिमानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर चोवीस तास बोलता येतं.

तोंडाने सांगवत नसेल तर चिठ्ठी लिहून तीन दिवसांच्या वहीवर ठेवा आणि दोन्ही टेबलावर सरकवा: "खोकताना लघवी गळते, चार महिने. संबंधात आत दुखतं, सुरुवातीलाच." किती दिवस, कधी, कुठे, एवढंच. सासूबाई सोबत असतील तर "मला दोन मिनिटं एकटीने बोलायचंय" असं डॉक्टरांनाच सांगा, ते बाकीच्यांना बाहेर बसवतात. "लग्न झालंय का?" या प्रश्नामागे खरं तर संबंध आले आहेत का हे विचारायचं असतं. खरं उत्तर द्या, तपासण्या त्यावरून ठरतात. योनीमार्गातून सोनोग्राफी नको असेल तर नाही म्हणता येतं. पोटावरून होते, आणि प्रौढ स्त्रीत सोनोग्राफीऐवजी एएमएच ही रक्ततपासणीही चालते.

पोटावरून सोनोग्राफी असेल तर तिचा दुहेरी फायदा घ्या. सेंटरवर बाटल्यांवर बाटल्या पाणी पिऊन, मांडीवर मांडी घट्ट दाबून बसलेल्या बायका तुम्ही पाहिल्या असतील. लघवी अर्धवट झाल्यासारखी वाटते अशी तक्रार असेल तर तपासणीच्या चिठ्ठीवर 'लघवीनंतर उरलेलं प्रमाण' मोजायला डॉक्टरांकडून लिहून आणा. फार ताणून भरलेली पिशवी एका दमात रिकामी होत नाही, म्हणून एकदा जाऊन या, पाच मिनिटांनी पुन्हा जा, आणि मग मोजू द्या. उरलेला आकडा ५० मिलीच्या आत असेल तर पिशवी नीट रिकामी होते आहे.

यांपैकी काही झालं तर वाट पाहू नका: थंडी वाजून ताप आणि कुशीत दुखणं, लघवीतून रक्त, लघवी अडणं, ओटीपोटात एका बाजूला अचानक भयंकर कळ आणि उलट्या. गरोदरपणात लघवीची जळजळ झाली तरी त्याच दिवशी दाखवा. पाळी तीन महिने आली नसेल तर आधी घरी प्रेग्नन्सी टेस्ट करा आणि ती नकारात्मक आली तरी डॉक्टरांकडे जा. गर्भाशयाचं अस्तर साठत राहणं चांगलं नाही.

तीन महिन्यांनी तीच वही पुन्हा तीन दिवस भरा. जुनी पानं शेजारी ठेवून रात्रीच्या खेपा, गळती आणि दुखणं यांत काय बदललं ते पाहा, आणि पुढच्या भेटीला दोन्ही पानं सोबत न्या.